पडसें, थंडी आणि आपलें वैद्यक

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह हेच आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. रोगांचा इतिहास लिहावयाचा झाला तरी लेखणी प्लेग, पटकी, देवी अशा मारक साथींकडेच वळते. पडशासारख्या क्षुद्र विकाराला इतिहासांत जागा कोण देणार? तथापि जन्मापासून मरणापर्यंत ज्याची आणि आपली गांठ दरसाल दोनचार वेळां पडते, ज्याच्यामुळें शाळेंतील हजेरी घटते, आणि ज्याच्यासाठीं घरोघर कांहीं ना कांहीं औषध राखून ठेवलेलें असतें, त्या विकाराविषयीं आपले पूर्वज काय समजत होते, त्यांच्या समजुतींतून आपल्यापर्यंत काय पोहोंचलें आणि काय वाटेंत गळून गेलें, हा प्रश्न मला विचार करण्याजोगा वाटतो. माझें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. आपल्या घरांनीं जुन्या वैद्यकांतील काढा मोठ्या निष्ठेनें सांभाळला. परंतु काढा देण्यापूर्वीं वैद्य जे प्रश्न विचारीत असे, ते प्रश्न मात्र आपण विसरलों. ज्यांना वारंवार पडसें होतें, ज्यांना थंडी मुळींच सोसत नाहीं, त्यांचें खरें नुकसान या विसरण्यानें झालें आहे.

मी ज्या भागांतून आलों तें मुरुड गांव लातूर-बार्शी रस्त्यावर, बालाघाटाच्या पठारावर वसलेलें आहे. इ. स. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता. पुढें १९८२ सालीं उस्मानाबाद जिल्ह्यांतून लातूर जिल्हा वेगळा काढण्यांत आला, तेव्हांपासून तो लातूर जिल्ह्यांत आहे. समुद्रकांठच्या माणसाला हिंवाळा म्हणजे चार दिवसांचा पाहुणा वाटतो. आमच्या पठारावर तसें नाहीं. येथील थंडी कोरडी. दुपारीं ऊन चटके देतें आणि पहाटे हातपाय गारठतात. एकाच दिवसांत दोन ऋतु भोगावे लागतात म्हटलें तरी चालेल. ज्वारीच्या पानांवर दंव पडतें, तुरीच्या खळ्यावर धूळ उडते, संध्याकाळीं शेकोट्यांचा धूर गांवावर पसरतो. अशा हवेंत शिंका आणि नाक चोंदणें ह्या गोष्टी घरोघर असावयाच्याच.

आणि उपायही घरोघर आहेत. सुंठ, मिरें, आलें, तुळस आणि गवती चहा यांचा काढा. रात्रीं हळद घातलेलें दूध. तव्यावर गरम केलेल्या ओव्याच्या पुरचुंडीचा शेक. लहान मुलाच्या कपाळाला वेखंडाचा लेप. आणि डोक्याला कानटोपी. हे उपाय आजीनें आईला शिकविले, आईनें सुनेला शिकविले. त्यांच्यामागें कोणतें शास्त्र आहे हें विचारण्याची गरज कोणाला भासली नाहीं. आज आपण तेंच विचारावयाचें आहे.

संस्कृत वैद्यकग्रंथांत पडशाला प्रतिश्याय असें नांव आहे. जुनाट होऊन बिघडलेल्या पडशाला पीनस म्हणतात. प्राचीनांनीं हा विषय किती बारकाईनें पाहिला हें आंकड्यांवरूनच दिसतें. सुश्रुतानें नाकाचे ३१ विकार मोजले आहेत, वाग्भटानें अष्टांगहृदयांत १८. चरकानें पडशाचे वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे चार प्रकार सांगितले. सुश्रुतानें त्यांत रक्तज हा पांचवा घातला आणि पडशाच्या चिकित्सेसाठीं उत्तरतंत्रांत एक सबंध अध्याय खर्ची घातला. चरकानें दिलेली कारणांची यादी तर आजही वाचण्यासारखी आहे. थंड पाणी आणि दंव हीं तींत आहेतच. पण त्यांच्याबरोबर अजीर्ण, जागरण, अतिनिद्रा, मलमूत्रादि वेगांचा अवरोध, क्रोध, अश्रु, ऋतूंतील विषमता, धूर, धूळ आणि अतिभाषण हींही आहेत. शेवटचीं दोन कारणें वाचून मला हंसूं आलें. खडूची धूळ आणि दिवसभर बोलणें हाच ज्यांचा धंदा, त्या शाळामास्तरांचीं नाकें जन्मभर कां वाहतात, याचा उलगडा चरकानें आधींच करून ठेवला आहे!

यादीचें मर्म असें कीं, पडसें थंडीनेंच होतें असें शास्त्रकार मानीत नव्हते. थंडी हें अनेक कारणांतील एक. ज्याला पडसें झालें त्यानें काय खाल्लें, तो केव्हां निजला, कोठें बसतो, कशांत श्वास घेतो, हें सर्व विचारल्यावांचून औषध ठरत नसे. शिवाय पडसें नवें आहे कीं पिकलेलें आहे, हा भेद फार महत्त्वाचा मानला जाई. नव्या, कच्च्या पडशांत घाम काढावा, ऊन आणि हलकें अन्न द्यावें, आलें घालून दूध द्यावें. स्राव दाट होऊन पडसें पिकलें म्हणजे मग नाकांतून औषध देऊन डोक्यांतील कफ काढावा, असा क्रम सुश्रुतानें लावला आहे. रोग्यानें वाऱ्याच्या झोतांत निजूं-बसूं नये, डोक्यावर जाड व उबदार वस्त्र घ्यावें, थंड पाणी वर्ज्य करावें, असेंही तो सांगतो. आमच्या गांवची कानटोपी म्हणजे सुश्रुताच्या पथ्याचाच लोकरी अवतार आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

नाक हें डोक्याचें दार होय, असें वाग्भट म्हणतो. दाराची निगा राखली म्हणजे घर सुरक्षित राहतें, या न्यायानें नाकांत तेलाचे थेंब सोडण्याचा नस्यविधि निघाला. चरकानें अणुतैल नांवाचें एक सिद्ध तेल सांगितलें असून तें रोज उठून वापरावयाचें नाहीं. प्रावृट्, शरद् आणि वसंत या तीन ऋतूंत, आकाश निरभ्र असतांना वापरावयाचें आहे. औषधालाही त्यांनीं हंगाम नेमून दिला होता.

आतां या सर्व विवेचनांतील मुख्य मुद्द्याकडे येतों. पडशाला प्राचीनांनीं एवढें महत्त्व कां दिलें? चरकानें याचें उत्तर स्वच्छ शब्दांत दिलें आहे: पडशांतून खोकला होतो आणि खोकल्यांतून क्षय. राजयक्ष्म्याच्या प्रकरणांत पडसें हें त्या भयंकर रोगाच्या चाहुलींपैकीं एक म्हणून येतें. सुश्रुतही बजावतो कीं, हयगय केलेलें पडसें दुष्ट होतें. त्यापासून बहिरेपणा, दृष्टिनाश, वास न येणें, खोकला, सूज आणि अग्निमांद्य असे विकार उद्भवतात. क्षयाचा जंतु रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ सालीं दाखवून दिला. तो जंतु पडशाच्या विषाणूंहून अगदीं वेगळा आहे, आणि साध्या पडशाचा क्षय होत नाहीं, हें आज आपण जाणतों. परंतु महिनोनमहिने न हटणाऱ्या सर्दी-खोकल्याच्या पांघरुणाखालीं क्षय लपून बसतो, हें निरीक्षण खोटें ठरलेलें नाहीं. वारंवार येणारें पडसें ही एखाद्या मोठ्या रोगाची वर्दी असूं शकते, ही जागरूकता त्या ग्रंथांत पानोपानीं आहे. काढ्याच्या भांड्यांतून ती आपल्यापर्यंत आली नाहीं.

थंडी न सोसणाऱ्या प्रकृतीचाही विचार त्यांनीं केला होता. कांहीं माणसांना पहाटेचा वारा लागतांच एकामागून एक शिंका सुटतात. कांहींच्या अंगावर गार वाऱ्यानें गांधी उठतात. या गांधींना माधवनिदानांत शीतपित्त म्हटलें असून थंड वाऱ्याचा स्पर्श हें त्याचें कारण सांगितलें आहे. शिंकांविषयीं सुश्रुत म्हणतो कीं, तीक्ष्ण पदार्थ हुंगल्यानें, सूर्याकडे पाहिल्यानें किंवा नाकांत दोरा वगैरे घातल्यानें त्या बाहेरून उत्पन्न होतात. त्यांचा वर्ग त्यानें निराळा केला. आणि चरकानें सूत्रस्थानांत असें स्पष्ट नमूद केलें आहे कीं, सर्व शरीरें रोगाला सारख्याच बळानें तोंड देऊं शकत नाहींत. अतिस्थूल, अतिकृश, दुर्बळ आणि अयोग्य आहारावर पोसलेलीं शरीरें लवकर बळी पडतात. त्याच गुणाला त्यानें व्याधिक्षमत्व म्हटलें. त्याच थंडींत एकाला कांहीं होत नाहीं आणि दुसरा अंथरूण धरतो, असें कां, हा प्रश्न त्यांना पडला होता. युरोपांत या प्रकारच्या संवेदनशीलतेला ॲलर्जी हें नांव क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या वैद्यानें १९०६ सालीं दिलें.

हें सारें ज्ञान काशी-तक्षशिलेकडचें, आपल्या मराठवाड्याचा त्याच्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि आपल्याला हेमाडपंत म्हणून माहीत आहे. हेमाडपंती देवळें आणि मोडी लिपि यांच्याशीं त्याचें नांव परंपरेनें जोडलें गेलें; चतुर्वर्गचिंतामणि हा त्याचा धर्मशास्त्रावरील ग्रंथ पंडितांना ठाऊक आहे. पण महादेव आणि रामचंद्र या राजांच्या कारकीर्दींत, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, राज्यकारभाराच्या धामधुमींत या मंत्र्यानें वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन नांवाची टीका लिहिली, हें फार थोड्यांना माहीत असतें. त्याच्याच आश्रयाला बोपदेव हा पंडित होता. बोपदेवाचा पिता केशव हा वैद्य असून त्यानें द्रव्यांच्या गुणदोषांवर सिद्धमंत्र हा ग्रंथ रचला, व पुत्रानें त्यावर टीका लिहिली. म्हणजे देवगिरीच्या छायेंत वैद्यकाचें एक कुटुंबच नांदत होतें.

हेमाद्रीच्या टीकेचा सर्व भाग आज उपलब्ध नाहीं. परंतु सूत्रस्थानावरील भाग शाबूत आहे. १९३९ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें अरुणदत्ताच्या सर्वांगसुंदरा टीकेसह तो छापला. संपादन हरिशास्त्री पराडकर वैद्य यांचें. या सूत्रस्थानांत काय आहे तें पाहा. दुसरा अध्याय दिनचर्येचा, तिसरा ऋतुचर्येचा, चौथा रोग उत्पन्नच होऊं नयेत यासाठीं काय करावें याचा; विसावा नस्याचा आणि एकविसावा औषधी धूम्रपानाचा. पडसें टाळावयाला जें जें लागतें तें बहुतेक सर्व येथेंच आहे, आणि त्यांत काढ्याला जागा फार थोडी आहे. केव्हां उठावें, अंगाला तेल केव्हां लावावें, कोणत्या ऋतूंत काय खावें, कोणता वेग आवरूं नये, याचाच विचार प्रामुख्यानें आहे. राज्याचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला शरीराच्या जमाखर्चाचें हें शास्त्र आकर्षक वाटलें असावें, असा माझा तर्क आहे.

ग्रंथांतील ऋतुचर्या लोकांच्या आचारांत कशी उतरते याचा एक नमुना आमच्याकडे दरसाल पाहावयास मिळतो. लातूर, धाराशिव आणि नांदेड या भागांत मार्गशीर्षाच्या अमावास्येला वेळअमावास्या साजरी होते. आम्हीं तिला येळवस म्हणतों. त्या दिवशीं गांवें ओस पडतात आणि शेतें फुलून जातात. बाजरीचे उंडे, नाना डाळी-भाज्यांची भज्जी आणि मडक्यांतील आंबील हें त्या दिवसाचें जेवण. हेमंतांत जठराग्नि प्रबळ असतो, त्याला जड, स्निग्ध आणि आंबट-खारट अन्न पुरवावें, नाहीं तर तो शरीरालाच जाळूं लागतो, असें चरक सांगतो. येळवशीचें ताट त्या सूत्राबरहुकूम मांडलेलें आहे. ग्रंथावरून सण निघाला कीं लोकांचा आहार पाहून ग्रंथ लिहिला गेला, हा वाद मी विद्वानांवर सोंपवितों. मला एवढेंच दिसतें कीं, थंडीला तोंड देण्याची तयारी थंडी बाधण्याच्या आधीं, खाण्यापिण्यानें आणि उन्हांतल्या वावरण्यानें करावी, ही दृष्टि दोहोंत समान आहे.

आमच्या भागाला आणखी एका वैद्यकाचा वारसा आहे, त्याचा उल्लेख केल्यावांचून हा इतिहास पुरा होणार नाहीं. हैदराबाद संस्थानांत युनानी वैद्यकाला राजाश्रय होता. चारमिनाराजवळचा युनानी दवाखाना त्याची साक्ष देत अजून उभा आहे. हकीम लोक पडशाचे दोन भेद करीत: स्राव नाकावाटे वाहिला तर जुकाम, आणि घशाकडे उतरला तर नजला. हा भेद इब्न सिनाच्या वैद्यकापासून चालत आलेला आहे. त्यांचा काढा तो जोशांदा. त्यांत उन्नाब, भोकर, बनफशा, खतमी आणि जेष्ठमध. वैद्यांचा काढा तिखट आणि उष्ण, तर हकिमांचा जोशांदा बुळबुळीत आणि घसा निवविणारा. दोघांच्या पद्धती निराळ्या. पण रोग्याचा मिजाज कसा आहे हें हकीम विचारी, आणि प्रकृति कशी आहे हें वैद्य विचारी. नवव्या-दहाव्या शतकांतील थोर हकीम अल् राझी यानें तर एका विद्वानाला दर वसंतांत गुलाबाच्या वासानें पडसें कां होतें, यावर स्वतंत्र निबंध लिहिला. एका माणसाचें, एका ऋतूंतलें, एका फुलापासूनचें पडसें! याला म्हणतात प्रश्न विचारणें.

मग हे प्रश्न हरवले केव्हां? माझ्या मतें ते हळूहळू हरवले, आणि त्यांत कोणा एकाचा दोष नाहीं. खेड्यांत वैद्य दुर्मीळ असे. घरच्या बायांना मूल शिंकूं लागलें म्हणजे तात्काळ कांहीं द्यावें लागे. तेव्हां शास्त्रांतला जो भाग डब्यांत भरून ठेवतां येतो, तो घरांत राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत औषधांचे कारखाने निघाले. पनवेलीचें धूतपापेश्वर १८७२ चें. १८९३ सालीं मुंबईंत अमृतांजन निघालें. सांडू बंधूंचा कारखाना १८९९ चा. झंडूची कंपनी १९१० ची. १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी लातुरास पोहोंचली आणि मुंबईचा माल आमच्या बाजारपेठेच्या आवांक्यांत आला. या कारखान्यांनीं शुद्ध औषधें दूरवर पोहोंचविलीं, हा त्यांचा उपकार मान्य केलाच पाहिजे. परंतु बाटलीवर मात्रा छापतां येते. रोग्याला विचारावयाचे प्रश्न छापतां येत नाहींत.

त्याच काळांत वैद्यकाची दुसरी बाजू सांवरण्याचेही प्रयत्न झाले. शंकर दाजीशास्त्री पदे यांनीं आर्यभिषक् सारखे ग्रंथ लिहून हें ज्ञान गृहस्थांच्या हातीं दिलें आणि १९०७ सालीं नाशिक येथें आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला. नगरास गंगाधरशास्त्री गुणे यांनीं आयुर्वेदाचें महाविद्यालय काढलें. पुढें पुण्यास टिळक आयुर्वेद महाविद्यालय झालें, नांदेडास सरकारी आयुर्वेद महाविद्यालय झालें. निदान शिकविण्याची व्यवस्था पुन्हां उभी राहिली. घरांतली संवय मात्र बदलली नाहीं.

पडशाला क्षुल्लक मानण्याची किंमत १९१८ सालीं साऱ्या देशानें मोजली. त्या वर्षींची इन्फ्लुएन्झाची साथ जूनमध्यें मुंबईंत प्रथम दिसली. शरद् ऋतूंत ती पुन्हां आली तेव्हां तिनें हाहाकार उडविला. आपल्या लोकांनीं तिला मानमोडी हें नांव दिलें. हिंदुस्थानांत त्या साथींत एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत माणसें दगावलीं असा अंदाज आहे. वैद्यांनीं तिला वातश्लेष्मिक ज्वर म्हटलें; डॉक्टरांपाशींही तेव्हां खात्रीचें औषध नव्हतें. साध्या शिंकेसारखा आरंभ असलेला रोग चार दिवसांत तरण्याताठ्या माणसाला नेऊं शकतो, हा त्या वर्षाचा धडा होता.

नवीन शास्त्रानें या विषयांत काय भर घातली तें आतां थोडक्यांत पाहूं. १९१४ सालीं लाइपझिगच्या वाल्टर क्रूझे यानें पडसें झालेल्या माणसाचा स्राव अतिसूक्ष्म गाळणींतून गाळून निरोगी माणसांच्या नाकांत घातला आणि त्यांतील कित्येकांना पडसें झालें. यावरून जंतूंहूनही सूक्ष्म असें कांहीं तरी कारण असलें पाहिजे हें दिसलें. इंग्लंडांत सॉल्सबरी येथें १९४६ पासून १९९० पर्यंत केवळ पडशाचा अभ्यास करणारी संस्था चालली. आज पडशाचे दोनशेंहून अधिक विषाणु माहीत आहेत. ओल्या अंगानें वाऱ्यांत उभें केलेल्या स्वयंसेवकांना केवळ त्यामुळें पडसें होत नाहीं, असें सॉल्सबरीच्या प्रयोगांत आढळलें, आणि थंडीनें पडसें होतें ही समजूत कित्येक वर्षें भोळी मानली गेली. परंतु २००५ सालीं वेल्समधील कार्डिफ येथें ९० जणांचे पाय गार पाण्यांत वीस मिनिटें ठेवून पाहिले. पुढील चारपांच दिवसांत त्यांपैकीं १३ जणांनीं पडसें झाल्याचें सांगितलें, तर पाय न भिजविलेल्या ९० पैकीं ५ जणांनीं. २०१५ सालीं अमेरिकेंत येल विद्यापीठांत उंदरांच्या पेशींवर असें दिसलें कीं, नाकांतील थंडाव्यांत पेशींची प्रतिकारशक्ति मंदावते आणि पडशाचा एक मुख्य विषाणु अधिक वाढतो. तेव्हां विषाणूवांचून पडसें नाहीं हें खरें. पण गारठा शरीराचें दार किलकिलें करतो ही जुनी शंकाही अगदींच निराधार नव्हती.

येथें एक गोष्ट निःपक्षपातानें सांगितली पाहिजे. स्पर्श, श्वास, सहभोजन, एका शय्येवर निजणें, दुसऱ्याचें वस्त्र वापरणें यांनीं जे रोग एकापासून दुसऱ्याला होतात त्यांची यादी सुश्रुतानें दिली आहे. तींत ज्वर आहे, शोष म्हणजे क्षय आहे, डोळे येणें आहे; पडसें मात्र नाहीं. हात धुवावे, शिंकतांना तोंडावर पदर अथवा रुमाल धरावा, आजारी मुलाला शाळेंत पाठवूं नये, हें पडशाविषयींचें ज्ञान आपल्याला नव्या शास्त्रानें दिलें. तें घेण्यांत कमीपणा नाहीं.

संवेदनशीलतेचींही नवीं कारणें आपल्या डोळ्यांदेखत आलीं. गाजरगवत हें परदेशी तण आपल्याकडे पुण्यास १९५६ च्या सुमारास प्रथम नोंदलें गेलें, आणि आज मराठवाड्याच्या प्रत्येक बांधावर तें उभें आहे. त्याच्या परागांनीं कित्येकांना शिंका आणि दमा होतो. अशा माणसाला दरवर्षीं थंडी बाधते म्हणून काढा पाजीत राहणें म्हणजे चोर ओसरीवर बसला असतां परसांत कंदील घेऊन हिंडणें होय.

२०२० सालीं कोविडच्या साथींत काढ्याला पुन्हां राजमान्यता मिळाली. भारत सरकारच्या आयुष मंत्रालयानें तुळस, दालचिनी, मिरें, सुंठ आणि मनुका यांचा काढा, हळदीचें दूध आणि नाकाला तेल-तूप लावणें या गोष्टी सुचविल्या. घरोघर पातेलीं चुलीवर चढलीं. त्यानें मनाला धीर आला, घशाला ऊब मिळाली. पण कित्येकांनीं प्रकृति न पाहतां, ऋतु न पाहतां, भर वैशाखांत दिवसांतून चारचार वेळां तिखट काढा घेतला. चरकाच्या शिष्यानें असें कधीं केलें नसतें.

मग आपण काय राखावें आणि काय सोडावें? काढा जरूर राखावा. त्यानें पडशाचा विषाणु मरतो असें सिद्ध झालेलें नाहीं, परंतु ऊन पातळ पदार्थानें कफ सैल होतो आणि रोग्याला आराम वाटतो. जेष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो, हें वृद्धांनीं ध्यानांत ठेवावें. एक वर्षाच्या आंतील बालकाला मध चाटवूं नये. त्यापासून क्वचित् पण घातक विषबाधा होते. मुलांना वाफारा देतांना उकळत्या पाण्याचें भांडें कलंडून भाजण्याचे प्रकार घडतात. तान्ह्या मुलाच्या नाकांत तेल घालूं नये; तें श्वासावाटे फुप्फुसांत उतरण्याचें भय असतें. आणि दोन आठवड्यांवर खोकला राहिला, वजन घटूं लागलें किंवा संध्याकाळचा ताप येऊं लागला, तर चुलीवरचें भांडें उतरवून ठेवून थुंकी तपासून घ्यावी. क्षयाच्या तपासणीची आणि औषधांची सोय सरकारी दवाखान्यांत विनामूल्य आहे.

पण याहून महत्त्वाचें म्हणजे ते हरवलेले प्रश्न पुन्हां घरांत आणावे. ज्याला वारंवार पडसें होतें त्याच्यासाठीं एक लहानशी वही करावी. पडसें कोणत्या महिन्यांत झालें? पहाटे अधिक कीं रात्रीं? शेतांत गेल्यावर, घर झाडल्यावर, कीं गार पाणी प्याल्यावर? झोप किती, भूक कशी, घरांत धूर किती? शिंकांबरोबर डोळे खाजतात काय? सर्वच ऋतूंत थंडी वाजते काय, आणि अंगांत रक्त कमी तर नाहीं? वर्षभर इतकें टिपून ठेवलें तर वैद्याकडे जा, हकिमाकडे जा, कीं डॉक्टरकडे जा, त्याच्या निदानाचें अर्धें काम झालेलें असेल.

देवगिरीच्या मंत्र्यानें सातशें वर्षांपूर्वीं ज्या अध्यायांवर परिश्रम घेतले ते याच प्रश्नांचे अध्याय होते. सुंठ आणि मिरें कोणत्याही बाजारांत मिळतात. आपल्याच शरीराकडे लक्ष देऊन पाहण्याची संवय मात्र बाजारांत मिळत नाहीं. येत्या हिंवाळ्यापूर्वीं ती आपल्या घरांत रुजावी, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.